पॅड बांधून बसलेला माणूस

त्याला आपण वनडाउन म्हणू. खरं नाव सांगून उपयोग नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि हीच तर त्याची आयुष्यभराची तक्रार आहे.

वनडाउन गर्दीतही चटकन ओळखू येतो. पावसाळ्यात दादर स्टेशनवर जो माणूस मिटलेली छत्री उलटी धरतो, तिचं टोक फरशीवर दोनदा आपटतो, डाव्या खांद्यावरून समोर रोखून बघतो आणि येणारी डोंबिवली फास्ट सरळ बॅटनं तटवून काढतो, तो वनडाउन. आजूबाजूचं कुणी दचकत नाही. मुंबईच्या प्रत्येक फलाटावर असा एकजण असतोच. लिफ्टच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही, डावं कोपर दिसतं. ते पुरेसं वर आहे एवढी खात्री करून तो बाहेर पडतो. भाड्याची जागा बघायला गेला की घरमालकाला पाणी किती वेळ येतं हे विचारायचं काम बायको करते. हा बेडरूमच्या मधोमध उभा राहून बॅकलिफ्टला पंखा आडवा येतोय का ते बघत असतो.

तिसऱ्या क्रमांकावर खेळणं हा क्रिकेटमधला सगळ्यात वाईट पत्ता. सलामीच्या दोघांना आपण कधी जायचंय हे माहीत असतं. पाचव्या-सहाव्याला तंबूत डुलकी काढता येते. वनडाउननं मात्र पहिला चेंडू पडायच्या आत पॅड, गार्ड, ग्लोव्हज सगळं चढवून बसायचं. दुसऱ्या चेंडूवर जावं लागेल किंवा चहापानानंतर. तोवर धड बसता येत नाही, धड उठता येत नाही. म्हणजे त्याचा मुख्य धंदा फलंदाजी नव्हे, वाट पाहणं. मधूनमधून तो थोडी बॅटिंगही करतो, एवढंच. हे त्याच्या तोंडावर सांगितलं तर तो रागावत नाही. खुर्ची पुढे ओढतो आणि थेट १९८८ सालात जातो.

"फेब्रुवारी. आझाद मैदान. हॅरिस शील्डची सेमीफायनल," तो सुरू करतो. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. शारदाश्रम शाळेचे सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळत राहिले आणि ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. वनडाउनला या आकड्यांत रस नाही. त्याचं लक्ष तंबूकडे असतं. तिथे पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता आणि बसूनच राहिला. "त्या दोघांच्या धावा लोकांनी मोजल्या," वनडाउन म्हणतो, "पण अमोलसरांनी पॅडचे पट्टे कितीदा सोडून बांधले, हे मोजलं कुणी?"

वनडाउन घडला तो मालडब्यात. डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलनं, भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या कॅनच्या मधे, स्वतःपेक्षा उंच किटबॅग मिठी मारून धरत तो मैदानावर पोचायचा. वडील बँकेत कारकून. त्यांनी पोराच्या बॅटसाठी पीएफमधून उचल घेतली, आणि त्या बॅटला तेल पाजायला आईच्या जिलबीचं तूप वापरू नये एवढीच अट घातली. दहावीचा अभ्यास दोन नेटच्या मधल्या वेळेत झाला. भूगोलात त्याला फक्त मान्सून नीट समजला, कारण कांगा लीग पावसाळ्यात असते.

१९४८ पासून चालत आलेल्या या कांगा लीगवर वनडाउनची एक स्वतंत्र अर्थव्यवस्था उभी आहे. ओली, उघडी खेळपट्टी; एक चेंडू अंगठ्यावर येतो, तर त्याच टप्प्यावरचा दुसरा कानाजवळून जातो. मैदानात एवढं गवत की कडक मारलेला कव्हर ड्राइव्ह तीस यार्डांवर झोपी जातो. त्यामुळे कांगातल्या तीस धावा म्हणजे इतर ठिकाणचं शतक, असा त्याचा विनिमय दर आहे. हा दर फक्त त्याच्या स्वतःच्या धावांना लागू होतो. दुसऱ्यानं तीस केल्या तर त्या तीसच असतात, आणि त्यातल्या आठ स्लिपमधून गेलेल्या असतात.

आता बाद होण्याचा विषय काढायला हरकत नाही. इथे वनडाउनचा व्यासंग थक्क करणारा आहे. त्याला आपण मारलेले फटके आठवतात, पण आपण कसे आउट झालो हे तारीखवार, वाऱ्याच्या दिशेसकट आठवतं. मात्र एवढ्या वर्षांत तो स्वतःच्या चुकीनं एकदाही आउट झालेला नाही. एकदा साइटस्क्रीनसमोरून कुल्फीवाला गेला. एकदा अंपायरला पाच-बाराची कर्जत लोकल पकडायची होती. आझाद मैदानावर इतक्या खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत की एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटशी पाठीला पाठ लावून उभा असतो; तिथे शेजारच्या मॅचमधलं अपील ऐकून आपल्या अंपायरनं बोट वर केलं, असा त्याचा आजही लेखी दावा आहे. रनआउट झाला तर समोरच्यानं आधी 'ये' म्हटलं होतं. त्रिफळा उडाला तर चेंडू खाली राहिला. झेल गेला तर जास्त उसळला. आपल्या बॅटच्या मधोमध नेमक्या उंचीवर येणारा चेंडू टाकण्याची बोलरांची दानतच नाही, असा त्याचा एकूण अनुभव आहे.

पोरगा घरी लवकर आला म्हणून आईला आनंद होत नाही, असं घर फलंदाजाचंच. दुपारी साडेबाराला बेल वाजली की आई दार उघडते आणि काही न विचारता ताट वाढायला घेते.

"आई, आज तो अंपायर..."

"हात धुऊन घे. कढी गरम आहे."

"बॅट लागली होती गं! आवाज अख्ख्या मैदानानं ऐकला!"

"पोळी अर्धी वाढू का पूर्ण?"

बॅट आधी लागली असेल तर पायचीत देत नाहीत हे त्या माउलीला पक्कं माहीत आहे. पण बिनधावांच्या दिवशी पोरगा पूर्ण पोळी खातो हेही माहीत आहे.

एवढा अन्याय सोसणारा माणूस देवभोळा होणारच. वनडाउन आधी डावं पॅड बांधतो. शतक झालं त्या दिवशीचे मोजे तो धूत नाही, आणि त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या शेजारची जागा कायम रिकामी मिळते. दोघं खेळपट्टीवर जमलेले असताना तो कुणाला खुर्चीवरून हलू देत नाही. बारावा गडी चहा आणायला उठला आणि विकेट पडली, तर पुढचे दोन दिवस त्या चहाची चौकशी चालते. यावर हसलात तर तो मोहिंदर अमरनाथच्या लाल रुमालाचा दाखला देतो. वर सांगतो, की श्रीकांत सूर्याकडे बघून घेतल्याशिवाय चेंडू खेळायचा नाही. "ते काय वेडे होते?" या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण श्रीकांतबद्दल आपण ठामपणे काहीच सांगू शकत नाही.

मग एके दिवशी त्याची रणजी संघात निवड होते. मुंबईच्या रणजी संघात येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. या संघानं ४२ वेळा करंडक जिंकलाय, इथे पन्नाशी केली तर सीनिअर खेळाडू विचारतो, "बाकीच्या पन्नास कुठं ठेवून आलास?" वनडाउननं शतक केलं. सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर स्थानिक नेत्याचा फोटो सहा फूट, वनडाउनचा दीड फूट, आणि त्यात बॅट चुकून डावखुऱ्याची. इस्त्रीवाल्यानं आठवडाभर पैसे घेतले नाहीत. ज्या मामांनी 'क्रिकेटनं पोट भरतं का?' असं बारशापासून विचारलं होतं, ते 'मी तेव्हाच म्हणालो होतो' असं सांगत फिरू लागले. खेळाडूंच्या कोट्यातून एका बड्या कार्यालयात नोकरीही लागली. काम टाइम्स शील्डमध्ये ऑफिससाठी धावा करणं, आणि उरलेल्या वेळात मस्टरवर सही. टेबलावर फायली येत नसत, येत ते सहकारी, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "काल किती?"

या दोन शब्दांनी वनडाउनचं आयुष्य चालतं. 'काल' शतक असेल तर साहेब स्वतः उठून चहा सांगतात. 'काल' शून्य असेल तर तोच साहेब मस्टर मागवतो. परवाचं शतक कुणाच्या खात्यात धरलं जात नाही. खरं तर फलंदाजी हा जाहीरपणे अपयशी ठरण्याचा धंदा आहे. खुद्द तेंडुलकर कसोटीत ३२९ वेळा बॅट घेऊन उतरला आणि त्यातल्या २७८ वेळा शतकाविना परत आला. ब्रॅडमनला १९४८ साली ओव्हलवर शंभराच्या सरासरीसाठी फक्त चार धावा हव्या होत्या. दुसऱ्याच चेंडूवर एरिक हॉलिजनं दांडी उडवली आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. कारकुनाचा एक अंक चुकला तर खोडरबर असतं, आचाऱ्याचं मीठ चुकलं तर बटाटा टाकता येतो. फलंदाजाची एक चूक झाली की त्याचा त्या दिवसाचा रोजगार संपतो, आणि उरलेले पाच तास तो दुसऱ्यांच्या चुकांना टाळ्या वाजवत बसतो.

रणजीत तीन मोसम बऱ्या धावा झाल्यावर वर्तमानपत्रांनी त्याच्याबद्दल 'भारतीय संघाचं दार ठोठावतोय' असं छापलं. वनडाउनची पुढची दहा वर्षं त्या दारात गेली. पहिल्या वर्षी आतून सांगण्यात आलं, की सध्या डावखुरा हवाय. दुसऱ्या वर्षी दोन षटकं टाकू शकेल असा हवा होता. वनडाउन रात्री गच्चीवर ऑफस्पिन टाकायला शिकला, तर तिसऱ्या वर्षी विकेटकीपर हवा होता. चौथ्या वर्षी धावा कमी पडल्या. पाचव्या वर्षी धावा भरपूर झाल्या, पण त्या 'पाटा विकेटवर' झाल्या होत्या. सहाव्या वर्षी हिरव्या विकेटवर केल्या, तर सामना बघायला निवड समितीचं कुणी नव्हतं. सातव्या वर्षी 'तरुणांना संधी' असं धोरण ठरलं, आणि वनडाउन हिशोबाला बसला की मग आपण तरुण होतो तेव्हा कुणाला संधी देत होते?

या काळात त्याला भाऊसाहेब निंबाळकरांचा फार आधार वाटला. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर. लंच झालं, महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठियावाडनं सामना सोडून दिला! नऊ धावांसाठी समोर बोलरच उरला नाही. एवढं करून भाऊसाहेबांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. "पॅड बांधलेलं, बॅट हातात, नव्वद टक्के जेवण झालेलं, आणि समोरचा संघच घरी जातो," वनडाउन सांगतो. "माझं तर फक्त सिलेक्शन राहिलंय."

त्यात पडता काळ येतो. फॉर्म जातो तेव्हा सांगून जात नाही. सल्लागार मात्र लगेच येतात. प्रशिक्षक म्हणतात, डोकं स्थिर ठेव. मानसतज्ज्ञ म्हणतो, डोक्यात काही ठेवू नकोस. ऑफिसातले जोशी म्हणतात, ग्रिप बदल. इस्त्रीवाला शर्ट घडी करता करता सांगतो, "साहेब, तुमचा मागचा पाय हलतोय." आणि हा शेवटचा सल्ला नेमका बरोबर निघतो, म्हणून त्याचा सगळ्यात जास्त राग येतो. आत्या कोल्हापूरहून अंगारा पाठवते. वॉचमन गेटवर काही बोलत नाही, पण ज्या तऱ्हेनं बोलत नाही त्यावरून कळतं की त्यानं स्कोअर वाचलाय.

अशा दिवसांसाठी वनडाउनच्या पाकिटात दोन चिठ्ठ्या असतात. पहिलीवर मोहिंदर अमरनाथ, १९८३. वर्षाच्या सुरुवातीला वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर त्यांच्याच घरी ५९८ धावा. जूनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत सामनावीर. आणि वर्ष संपता संपता त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध मायदेशात सहा डावांत मिळून एक धाव. एका कॅलेंडरात एवढा चढउतार खंडाळ्याच्या घाटातही नाही. दुसरी चिठ्ठी श्रीलंकेच्या मार्वन अटापट्टूची. कसोटीतल्या पहिल्या सहा डावांत शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. आणि हे सहा डाव खेळायला लागली जवळजवळ चार वर्षं. त्याच माणसानं पुढे सहा द्विशतकं केली. वनडाउन या चिठ्ठ्या इतक्यांदा उघडतो की घडीवरचा 'एक' आता पुसला गेलाय, आणि अटापट्टूच्या नशिबी सहाही शून्यं आली आहेत.

मग आयपीएल आलं. लिलावाच्या दिवशी घरी पाहुणे जमले, बटाटेवडे झाले, टीव्हीसमोर सतरंजी अंथरली. मूळ किंमत २० लाख. नाव पुकारलं गेलं. पंचतारांकित हॉटेलातल्या टेबलांवर बसलेल्या मंडळींनी त्याच वेळी एकदम पाण्याचे ग्लास उचलले. हातोडा पडला, 'अनसोल्ड'. सतरंजीवर शांतता. मामांनी वडा खाली ठेवला आणि समजूत घालत म्हणाले, "अरे, विकला गेला नाहीस हे चांगलंच की. स्वाभिमान राहिला." पुढच्या वर्षी नावच पुकारलं गेलं नाही, आदल्या वर्षीचा तो हातोडा मग वनडाउनला मानाचा वाटू लागला. त्याचा स्ट्राइक रेट कमी पडतो असं कळल्यावर त्यानं सुनील गावसकर काढला. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर सनी साठ षटकं खेळून नाबाद ३६ राहिला होता. पण हा पुरावा नक्की कोणाच्या बाजूचा, हे वनडाउनलाही बोलून झाल्यावर कळेना.

पस्तिशीला मुंबईनं 'तरुण संघ' बांधायला घेतला आणि वनडाउन दुसऱ्या राज्याकडून पाहुणा खेळाडू म्हणून खेळू लागला. तिथे तो सगळ्यांना मुंबईचा खडूसपणा शिकवायचा, आणि संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत शेंगदाण्याची चटणी उघडून घरी फोन करायचा. तेव्हा त्याच्या पाकिटात तिसरी चिठ्ठी आली, करुण नायरची. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३, आणि पुढच्याच कसोटीत संघाबाहेर, कारण जखमी अजिंक्य रहाणे बरा होऊन परतला होता. नंतर २०१७ मध्ये तीन कसोट्या, आणि मग आठ वर्षं काही नाही. कर्नाटकचा हा गडी विदर्भाकडून खेळायला आला, २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात नागपुरात शतक ठोकलं, करंडक उचलला आणि २०२५ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर पुन्हा कसोटी खेळला. "बघा, दार उघडतं!" वनडाउन ओरडला. परतल्यावरच्या पहिल्या डावात नायर शून्यावर गेला, तेव्हा वनडाउन म्हणाला, "अंगठ्याखाली दव असेल."

निवृत्तीनंतर वनडाउन प्रशिक्षक झाला आणि मग, काळाचा विनोद म्हणा, वयोगटाच्या एका निवड समितीवर गेला. पहिल्याच बैठकीत सोळा वर्षांच्या एका पोराचं नाव निघालं. लागोपाठ तीन शतकं, तीही ओल्या विकेटवर. समिती वनडाउनकडे बघू लागली. दहा वर्षं ज्या दाराबाहेर काढली, त्याची कडी आता त्याच्याच हातात होती. त्यानं चष्मा काढला, कागद बाजूला सरकवला आणि म्हणाला, "पोरगा गुणी आहे. पण जरा वाट बघू दे. आम्ही नाही बघितली?"

पोराला पुढच्या बैठकीत घेतलं, हेही सांगायला हवं. कारण त्या दोन बैठकांच्या मधे २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आली. नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला आणि त्यांचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा, ३० शतकं आणि भारताकडून एकही सामना नाही, असा तो माणूस. वनडाउननं मध्यरात्री सगळ्या सोसायटीची दारं वाजवून पेढे वाटले. "सदतीस वर्षांनी नंबर आला!" तो सांगत होता. वॉचमननंही पेढा घेतला, आणि बऱ्याच वर्षांनी तोंड उघडून म्हणाला, "साहेब, तुमचा पण आला असता."

माझं मत वॉचमनसारखंच आहे, पण ते वनडाउनला सांगून काही साधणार नाही. संघात अकराच जण बसतात आणि चांगले फलंदाज त्याहून फार जास्त निघतात, या साध्या गणितात अशी हजारो आयुष्यं संपली आहेत. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नेटवर जाणं त्यातल्या कुणी चुकवलं नाही. तुम्हाला असा कुणी भेटला, तर 'तुम्ही इंडियाकडून का नाही खेळलात?' एवढं मात्र विचारू नका. त्याचं उत्तर बंद खोलीतल्या पाच माणसांकडे होतं, आणि ती पाच माणसं दर काही वर्षांनी बदलत गेली. विचारायचंच तर त्याचं सगळ्यात चांगलं शतक कोणतं, ते विचारा. फक्त संध्याकाळ मोकळी ठेवा.